करडईचे दोन थेंब

खोटं मी बोलले, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी शोधून काढायला नको. आणि बोलले तेही दबकत नाही, चांगलं ठणकावून बोलले, दोन्ही हात पदराखाली घेऊन. हात पदराखाली का, ते पुढे येईलच.

आमच्या घरी तेलाचा लाकडी घाणा आहे. पुढच्या खोलीत मधोमध, जमिनीत पुरलेलं कमरेएवढं उखळ, त्यात उभी लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, लाटेला आडवी फळी आणि फळीला जुंपलेला बैल. बैल गोल फिरतो, लाट उखळात फिरते, करडई भरडत जाते आणि खालच्या खोबणीतून तेल गळतं. सासऱ्यांनी आधी घाणा पुरला आणि मग त्याच्याभोवती भिंती घातल्या. त्यामुळे तो बाहेर काढायचा म्हटला तर तोडूनच काढावा लागणार.

आणि तोडायचं ठरलंच होतं. गाव पिशवीतलं तेल खायला लागलं, तेव्हापासून आमच्या दारात गिऱ्हाईक म्हणजे दोन म्हातारे आणि एक पैलवान, तोही गुडघा दुखला तरच. शेजारी थोरल्या भावजींची, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावाची, पिठाची गिरणी, तिथे मात्र सकाळपासून रांग. भावजींना मसाला कांडायचं यंत्र बसवायला जागा हवी होती. ते माझ्याशी कधी थेट बोलत नाहीत. मी पुढ्यात उभी असले तरी माझ्या डोक्यावरून ह्यांच्याकडे बघतात.

"तुझ्या बायकोला सांग," ते म्हणाले, "यंदाची करडई गाळून झाली की खोली मोकळी करायची. तू गिरणीत ये. पीठ भरायला मला माणूस लागतोच."

"बरं," हे म्हणाले.

"आणि त्या बैलाला बाजार दाखवायचा."

आमचे हे तसे कमीच बोलतात, पण त्या दिवसापासून भाकरीसुद्धा एक कमी खायला लागले. भावजींनी गवंड्याची पहार आणून आमच्याच कोपऱ्यात उभी करून ठेवली. रोज झाडताना मी ती उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायची. तेवढाच राग निघायचा.

बैलाचंही सांगते. त्याला आम्ही जावई म्हणतो. मला दोन मुलगेच, दोघेही बाहेरगावी शिकायला, मुलगी नाही. तरी जावई घरात आहे तो असा. हा बैल सगळ्यांनी आपलं करावं म्हणून जन्माला आलाय. पाणी गार लागतं, वैरण निवडलेली लागते, मनाविरुद्ध झालं की तोंड फिरवून उभा राहतो. आणि आमच्या ह्यांना त्याचं कोण कौतुक! एक घाणी, म्हणजे एका वेळची करडई, गाळून झाली की हे उखळातली पेंड काढतात, पाण्याच्या हौदात हात बुडवतात आणि ते ओले तेलकट हात जावयाच्या मानेला पुसतात. पुसल्याशिवाय तो पुढची घाणी सुरूच करत नाही. मी लग्न होऊन आल्यापासून खुंटीला हात पुसायचं फडकं अडकवतेय. आधीच्या बैलाचंही असंच, त्यामुळे ते फडकं वीस वर्षं कोरडंच आहे.

त्या दुपारी दारात एक गाडी थांबली. तीतून एक बाई उतरल्या, बारीक कापलेले केस, पायात कॅनव्हासचे बूट. शहरात त्यांचा अंगाला लावायच्या तेलांचा छोटा कारखाना होता आणि लाकडी घाण्याचं तेल शोधत त्या गावोगाव हिंडत होत्या. मी मनातल्या मनात त्यांचं नाव बाटलीवाल्या बाई ठेवून टाकलं.

बाईंनी आमचं तेल तळहातावर घेतलं, वास घेतला, मनगटावर चोळलं, उन्हात धरलं.

"सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "बघा, वास जवळजवळ नाहीच. चिकटही नाही. करडईचं तेल हलकं असतं, कातडीत पटकन मुरतं, वर तवंग धरून बसत नाही. कोरड्या कातडीला तर फारच चांगलं."

हे, सासूबाई आणि मी, आम्ही तिघंही त्या तेलाकडे असं बघायला लागलो की जणू आमच्याच घरातलं पोर परीक्षेत पहिलं आलंय. इतकी वर्षं गाळतोय, पण त्याच्या अंगी एवढे गुण आहेत ते कुणाला ठाऊक!

"तुम्ही स्वतः लावता ना हे?" बाईंनी विचारलं.

आता आमच्या घरचा नियम ऐका. तेलाच्या हाताने चौकट ओलांडायची नाही. भिंतीला डाग पडतात, भांडी हातातून सुटतात, अंथरुणाला वास येतो. म्हणून सासूबाईंनी मागच्या दारी राखेचं आणि वाळूचं एकेक मडकं ठेवलंय. संध्याकाळी ह्यांनी आणि मी हात आधी राखेने घासायचे, मग वाळूने, मग परत राखेने. अंगाला तेल लागलेलं दिसलं की सासूबाई अशा ओरडतात, जणू चोरच शिरला घरात. परिणाम असा की गावात सगळ्यात खरखरीत हात कुणाचे, तर घाणेवाल्याच्या घरचे. माझ्या हातांनी मी साडीचे धागे ओढून काढते. ह्यांच्या टाचांच्या भेगांत करडईचा दाणा अडकतो आणि तो काढायला सुई लागते.

"म्हणजे काय!" मी पदराखाली हात घेत म्हणाले. "आमच्या घरी जन्मापासून हेच. दुसरं काही माहीतच नाही."

सासूबाईंना ठसका लागला. ह्यांनी छताकडे बघितलं.

"वा!" बाई खूश झाल्या. "मग मी पुढच्या शनिवारी फोटोवाल्याला घेऊन येते. तेल काढणाऱ्यांचेच हात आणि टाचा बाटलीवर छापायच्या. लोकांना खरी माणसं बघायची असतात. फोटो चांगले आले तर तुमचा हंगामभराचा सगळा माल माझा. यंदाचाही आणि पुढचाही."

जाताना त्यांनी सांगितलं तेही नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय सांगायचं म्हणा, पण लोक चुकतात. तेल थोडं लावायचं. दोन थेंब. आणि अंग ओलं असताना लावायचं, म्हणजे आतलं पाणी धरून ठेवतं. रोज न चुकता."

मी मान डोलावली. गाडी वळणाआड गेली आणि सासूबाई म्हणाल्या, "दोन थेंब? घाणेवाल्याच्या घरात दोन थेंब मोजायचे? लोक काय म्हणतील?"

तर झालं. आठ दिवसांत तीन माणसांच्या सहा हातांना आणि सहा टाचांना माणसात आणायचं होतं. मी मोठं पातेलं भरून तेल घेतलं, राखेचं आणि वाळूचं मडकं उचलून गोठ्यामागे नेऊन ठेवलं आणि सगळ्यांना रांगेत बसवलं. कोपरापर्यंत हात, गुडघ्यापर्यंत पाय. चांगलं थापून, जाड. शेणाने जमीन सारवतात ना, तसं.

"अगं, निथळतंय," हे म्हणाले.

"निथळू दे. वीस वर्षांचं कोरडं आहे ते, एवढ्याने भागतंय होय?"

"बाई ओल्या अंगावर म्हणाल्या होत्या."

"बाई शहरातल्या. तिथे पाणी नळाला येतं, त्यांना ओलं व्हायला काय!" असं म्हणून मी त्यांचं तोंड बंद केलं. वर्षातून एकदा माणूस बोलतो, तेही बरोबर बोलतो आणि आपण ऐकत नाही, हे माझ्या संसाराचं दुखणंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर आम्ही तिघंही काळे. पेंडेचा भुसा, अंगणातली धूळ, चुलीची काजळी, सगळं अंगाला येऊन चिकटलेलं. सासूबाईंच्या हाताला तर कोंबडीचं पीससुद्धा. त्या पाण्याचा तांब्या उचलायला गेल्या, तांब्या हातातून निसटला. तो धरायला मी धावले, माझा पाय सटकला आणि मी पेंडेच्या टोपलीत बसले. बरीच खोल बसले. ह्यांनी मला वर ओढायला हात दिला, माझा हात त्यांच्या हातातून सुळकन निघाला आणि मी परत टोपलीत.

"लग्नात धरला तेव्हा नव्हता सुटला," सासूबाई जमिनीवर बसून म्हणाल्या.

"तेव्हा राख लावत होतात ना तुम्ही!" मी टोपलीतूनच म्हणाले.

तोवर मला वाटत होतं, की निदान घरातली गोष्ट घरातच राहील. पण तिसऱ्या दिवशी हे जावयाला पाण्यावर नेत होते. कासरा तेलाच्या हातात. जावयाने मान नुसती हलवली आणि कासरा गेला. आता दुसरा कुठला बैल असता तर शेतात पळाला असता. आमचा जावई रमतगमत शेजारच्या दारात गेला, गिरणीसमोरची रांग त्याने बाजूला सारली, आत शिरला आणि भरून ठेवलेल्या पिठाच्या डब्यात तोंड घातलं.

भावजींची आरोळी आमच्या मागच्या दारी ऐकू आली. मी धावत गेले तर जावई दारातून मागे मागे सरकत बाहेर येत होता, शिंगांपासून नाकपुड्यांपर्यंत पांढरा, डोळे तेवढे काळे. रांगेतल्या बायका पोट धरून हसत होत्या. एक म्हणाली, "पावडर लावून निघालाय, कुणाकडे लग्न आहे?"

हे त्याला धरायला गेले. गळ्यातली दोरी धरली, सुटली. परत धरली, परत सुटली. भावजींनी ह्यांचे हात बघितले. कोपरापर्यंत चिखल झालेले, चकाकणारे. मग पाय बघितले. मग माझे बघितले.

"काय रे हे?" ते ह्यांना म्हणाले. "अंगाला तेल फासून कुठे घरफोड्या करायला निघालात काय नवरा-बायको?"

रांग परत हसली. ह्यांनी मान खाली घातली. मला तोंडावर उत्तर आलं होतं, पण ह्यांचे कान लाल झालेले दिसले आणि माझं उत्तर आतच राहिलं. वीस वर्षांत ह्या माणसाने कुणाच्या दारात मान खाली घातली नव्हती आणि ती माझ्या पातेल्यापायी घातली. महिनाभराने ह्याच रांगेपुढे हेच हात पीठ भरणार होते. शेवटी मीच पदराचं टोक हाताला गुंडाळून जावयाची दोरी धरली आणि त्याला घरी आणला. भावजी मागून म्हणाले, "तुझ्या बायकोला सांग, पहार कोपऱ्यात आहे म्हणावं. गंज लागायच्या आत वापरायचीय."

तरी मी हटले नाही. हात धुऊन पुसले आणि पातेलं परत भरलं. शनिवार अजून लांब होता.

पण बुधवारी दुपारी आभाळ आलं. पश्चिमेकडून काळं, खाली ओथंबलेलं. आणि शेतात करडई उभी, पिकून खडखडीत. ती भिजली तर दाणा काळा पडतो, तेल खवट येतं, मग बाटली काय आणि बाई काय! काढायला तर हवीच. करडई ज्याने कधी काढली नाही त्याला सांगते, ते झाड नाही, ते काट्यांचं भांडण आहे. पानाला काटा, बोंडाला काटा. दिवसा हात लावायची सोय नाही. पहाटे दव असतं तोवर काटे जरा नरमतात, तेवढ्यात उरकायचं, तेही हाताला पोत्याचे तुकडे बांधून.

आम्ही गुरुवारी पहाटे शेतात. पोत्याचे तुकडे घट्ट बांधले. चार झाडं उपटली आणि माझ्या हातावरचा तुकडा गळून पडला. तेल! परत बांधला, परत घसरला. ह्यांचं तेच. सासूबाई बांधावरून सूचना देत होत्या, "घट्ट बांधा, घट्ट बांधा." आभाळ गुरगुरायला लागलं तसे आम्ही पोती फेकली आणि उघड्या हातांनी उपटायला लागलो. अंगठ्याच्या बेचक्यात काटा, नखाखाली काटा, पोटरीला काटा. हे पुढे, मी मागे, दोघंही गुपचूप. फक्त मधूनच "आई गं" आणि "मेलो."

"फोटो," हे एकदा म्हणाले.

"उपटा हो तुम्ही!"

दुपारपर्यंत सगळी करडई गोठ्याच्या छपराखाली आली. आणि मग आभाळ उघडलं. पाऊस नाही, काही नाही, लख्ख ऊन पडलं. मी आभाळाकडे तोंड करून जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. शुक्रवारी बोंडं बडवली, उफणली, दाणा पांढराशुभ्र निघाला. हात मात्र असे झाले की दळण करणारीने चाळणी समजून पीठ घातलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी पायरीवर बसून सुईने ह्यांच्या हातातले काटे काढत होते. एकेक काढायचा आणि पायरीला पुसायचा. हे म्हणाले, "राहू दे. गिरणीत पीठच तर भरायचंय. पिठाला काटे टोचत नाहीत."

असं बोलल्यावर काय करायचं माणसाने? मला रडू आलं आणि ते मी सुईवर काढलं. हे "आई गं" म्हणाले.

सासूबाई आतून हे सगळं बघत होत्या. त्या बाहेर आल्या, माझ्याजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "काळजी करू नकोस. उद्या माझे हात दाखवू."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. खरंच की! पातेल्यातलं तेल त्यांच्याही हातावर होतंच, शेतात त्या बांधावरच होत्या, काटा एक नाही. आणि हात चक्क मऊ, गोबरे. आठवड्याभरात एवढे? मला वाटलं, बाई बोलल्या ते खरं आहे, म्हाताऱ्या कातडीला लगेच गुण येतो. संकटात माणूस फार चौकशी करत नाही.

शनिवारी बाई आल्या, बरोबर गळ्यात कॅमेरा अडकवलेला उंच माणूस. त्याला छत्रीसारखा पांढरा पडदा उभा करायचा होता, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यातली पहार घेऊन तिला तो बांधला. मला जरा बरं वाटलं.

"चला, हात बघू," बाई म्हणाल्या.

"आधी सासूबाईंचे," मी त्यांना पुढे ढकललं. "घरात मोठ्या त्या. तेलही त्यांनीच सगळ्यात जास्त वर्षं लावलंय."

सासूबाईंनी हात पुढे केले, नवरीसारखे. बाईंनी ते हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. चेहरा खुलला. मग त्या वाकल्या आणि त्यांनी वास घेतला.

"आजी," त्या म्हणाल्या, "गुलाबाचा वास येतोय."

"अंगणात झाड आहे," सासूबाई म्हणाल्या.

अंगणात एरंडाचं झुडूप होतं आणि दोन कोंबड्या होत्या. बाईंनी दारातून अंगणाकडे बघितलं. सासूबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि तीतून एक गुलाबी डबी काढून बाईंच्या हातावर ठेवली. दुकानातली. विकतची. "अकरा वर्षं लावते," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नव्हतं. घाणेवाल्याच्या घरात विकतचं लावते म्हटलं तर लोक हसतील."

अकरा वर्षं! ह्या बाईने आम्हाला राख फासायला लावली आणि स्वतः रोज गुलाब! मी आ वासून बघत राहिले. पण तोंड उघडलंच होतं तर म्हटलं, आता खरं ते सांगूनच टाकावं. पदरातले हात मी बाहेर काढले आणि त्यांच्यासमोर धरले.

"मी खोटं बोलले, बाई. आमच्याकडे कुणी लावत नाही. तेल लागलं की आम्ही राखेने घासून काढतो. ह्या आठवड्यात पातेलंभर चोपडलं तर घसरून पडलो, आणि गुरुवारी करडई काढली. हे असे हात आहेत. ह्यांचे यापेक्षा वाईट आहेत. पण तेल चोख आहे, त्यात काडीचं खोटं नाही."

बाईंनी माझे हात बघितले. फोटोवाल्याने कॅमेऱ्याचं झाकण लावलं. दारात भावजी येऊन उभे होते, गिरणीतून थेट, भुवया पांढऱ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मला वाईट वाटतं," बाई म्हणाल्या. "पण जे तेल काढणारेच लावत नाहीत, ते मी लोकांना कुठल्या तोंडाने सांगू?"

ह्यांनी एवढा वेळ जावयाला घाण्याला जुंपलेलंच ठेवलं होतं. घाणा चालू असताना दाखवायचा म्हणून. कुणी थांब म्हटलं नाही म्हणून जावई फिरतच होता आणि आता ती घाणी पुरी झाली होती. तो थांबला. हे पुढे झाले, दुसरं करणार काय. उखळातली पेंड काढली, हौदात हात बुडवले. जावयाने मान खाली करून पुढे काढली. ह्यांनी दोन्ही हात नेहमीसारखे त्याच्या मानेला पुसले, जोखड बसतं बरोबर तिथे. शांतपणे, चोळून, दोन्ही बाजूंनी. जावयाने डोळे मिटले.

"हे काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. हात पुसले."

"रोज?"

"दर घाणीला," मी म्हणाले. "फडकं खुंटीला आहे, पण ते दिसेल तर शपथ."

बाई पुढे झाल्या. जावई अनोळखी माणसाला शिंग दाखवतो, पण पुसून झाल्यावर तो जरा गुंगीतच असतो. बाईंनी जोखड वर सरकवलं आणि खाली हात घातला. मग दुसरा हात घातला.

"इथे घट्टा कसा नाही?" त्या म्हणाल्या. "मी एवढे घाणे बघितले. बैलाच्या मानेवर गाठ असते, कातडं सोललेलं असतं."

"ह्याला कधी आलीच नाही," हे म्हणाले.

"किती वर्षं ओढतोय?"

"नऊ."

बाईंनी माझा हात धरला आणि त्या मानेवर ठेवला. आता खरं सांगते, नऊ वर्षं तो बैल माझ्या घरात आहे, त्याला वैरण मी घालते, पण जोखडाखाली मी कधी हात घातला नव्हता. लहान मुलाच्या पोटासारखं कातडं. बारीक केस, खाली मऊ, कुठे भेग नाही, खवला नाही. माझ्या काटे भरल्या बोटांना ते लागलं आणि मला असा राग आला म्हणून सांगू!

"ओले हात," बाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "तेल अगदी थोडं, हाताला राहिलं असेल तेवढंच. रोज. न चुकता. नऊ वर्षं." मग त्या हसायला लागल्या, इतक्या हसल्या की हौदाच्या काठावर बसल्या. "अहो, तुमच्या घरात माझं ऐकणारा हा एकटाच आहे की!"

फोटोवाल्याने कॅमेऱ्याचं झाकण काढलं. बाईंनी ह्यांना जावयाच्या मानेवर हात ठेवून उभं केलं. ह्यांनी हात लपवायला बघितला, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, तसाच राहू द्या. खरखरीत हात आणि खाली ही मान. बाटलीवर हेच जाणार. आणि खाली लिहिणार, केस उगवत नाहीत, रंग उजळत नाही. कातडी मऊ राहते, तेवढंच." हंगामभराचा माल त्यांनी सांगून टाकला, पुढच्या वर्षीचाही. जाताना सासूबाईंना त्यांनी घरचं तेल भरून ठेवायला एक रिकामी बाटली दिली आणि गुलाबी डबी गंभीर तोंडाने परत केली.

फोटोवाला पडदा सोडून घेऊन गेला. पहार तेवढी मधोमध उभी राहिली. भावजी दारातच होते. त्यांनी पहारीकडे बघितलं, घाण्याकडे बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांच्या टकलावर पिठाने कायमचा कोंडा धरलेला असतो, सगळ्या गावाला माहीत आहे.

"तुझ्या बायकोला विचार," ते ह्यांना म्हणाले, "डोक्यावर चालतं का म्हणावं."

"भावजींना सांगा," मी ह्यांना म्हणाले, "चालतं. आंघोळीनंतर, डोकं ओलं असताना, दोन थेंब. केस येणार नाहीत, पण खाज जाईल. आणि जाताना पहार घेऊन जा म्हणावं. इथे अडचण होते."

भावजींनी पहार खांद्यावर टाकली आणि गेले. मसाल्याचं यंत्र त्यांनी पुढे गिरणीच्या मागे छपरात बसवलं, ते चांगलं चालतंय.

त्या दिवशी नव्या करडईची आणखी एक घाणी काढली. ह्यांनी पेंड काढली, हौदात हात बुडवले आणि सवयीने जावयाकडे वळले. जावयाने मान पुढे केली. हे मात्र मधेच थांबले. माझ्याकडे बघितलं. मी टोपलीत पेंड भरत होते.

"अगं," हे म्हणाले, "हात कर पुढे."

"माझे?"

"मग कुणाचे?"

मी हात पुढे केले. ह्यांनी त्यांचे ओले तेलकट हात माझ्या हातांना पुसले. आधी वरून, मग तळव्यांना, मग एकेक बोट, काटे होते तिथे जपून. वीस वर्षांत हा माणूस माझ्याशी इतका वेळ बोलला नव्हता. चौकटीत सासूबाई उभ्या होत्या. त्या गोठ्यामागे गेल्या, तिथलं राखेचं मडकं उचललं आणि उकिरड्यावर नेऊन ओतलं.

आणि जावई? जावयाने एक पाऊल मागे घेतलं, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तो उभा राहिला. हाक मारली, चुचकारलं, पेंड दाखवली. हलेना. घाण्यात करडई घातलेली, तेल गळायची वाट बघत बाटल्या मांडलेल्या, आणि हा रुसून बसलेला.

शेवटी मीच म्हणाले, "अहो, आधी त्याला पुसा. नऊ वर्षं झाली त्याला, त्याचा नंबर आधी लागतो."

तेव्हापासून आमच्याकडे तसंच चाललंय. घाणी झाली की हे हौदात हात बुडवतात, जावई मान पुढे करतो आणि त्याच्या मागे मी नंबर लावून उभी राहते.